न मिटणारी पापणी

साहेब, त्या बाटलीवरचं लेबल ब्लेडने खरवडलेलं होतं आणि ते तुम्हाला दिसत होतं. औषधं तपासायचं खातं तुमचं. तुम्ही पहिल्या रांगेत गळ्यात हार घालून बसला होता. बाटली हातात आली तेव्हा तुम्ही ती उलटून पाहिली नाही, कपाळाला लावलीत.

शहराला लागून असलेल्या वाडीतल्या गोदामांच्या मागे दर गुरुवारी नयन महाराजांचा मंडप भरायचा. ड्रायव्हर यायचे, हमाल यायचे, पण सगळ्यात जास्त वेल्डर. ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या पोरांचे डोळे नेहमीच लाल. डोळ्यांवर काळी काच न लावता वेल्डिंगचा टाका मारायचा, संध्याकाळी डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं व्हायचं, मग डोळ्यावर बटाट्याची चकती ठेवून पडून राहायचं.

महाराज माइकवर सांगायचे, "बाळांनो, तुमचा डोळा नाही दुखत. डोळ्यातला संशय दुखतो. दोन थेंब तीर्थ, अन् संशय गेला."

थेंब पडायचे. विव्हळणारा माणूस मिनिटभरात गप्प व्हायचा. मग महाराज मोरपिसाचा एक धागा त्याच्या उघड्या बुबुळावर टेकवायचे. पापणी हलायची नाही. मंडप गजर करायचा.

संशय जायचा हे खरंच. पंधरा-वीस मिनिटांनी परत यायचा, म्हणून घरी न्यायला बाटली.

मी तिथल्याच एका गॅरेजात ट्रकवर नंबर आणि नावं रंगवतो. आमचा वेल्डर अंकुश ती बाटली खिशात ठेवून काम करायचा. त्याच्या घरात बाबा-बुवाला थारा नाही. त्याच्या आजोबाने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते. मी त्याला म्हटलं, "काहून गा, तू बी त्या रांगेत?"

तो हसला. "मी पाया नाही पडत. नारळ नाही देत. थेंब घेतो फक्त. टाकून पाहिला, दुखणं गेलं. तूच म्हणतो ना, तपासून पाहा म्हणून? तपासलं मी."

तीन आठवडे तो दर तासाला दुखऱ्या उजव्या डोळ्यात थेंब टाकत राहिला आणि मी पाट्या रंगवत राहिलो.

आमच्याकडे कोणाच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेला की तो दवाखान्यात जात नाही, रामाजीकडे जातो. रामाजी म्हातारा फिटर. धुतलेल्या दोऱ्याला पीळ घालतो, पापणी उलटी करतो, कीस टिपून काढतो. चाळीस वर्षांत त्याने हजारभर डोळे पाहिले असतील. एके दिवशी चहाच्या वेळी त्याने अंकुशचा चेहरा उजेडाकडे फिरवला.

"कीस हाय तुह्या डोळ्यात. बुबुळावरच बसला. कवाचा हाय?"

"मले तर काहीच नाही लागून राहिलं."

रामाजीने दोरा लावला. अंकुश टक लावून पाहत राहिला. पाणी नाही, पापणी नाही. आजूबाजूची पोरं म्हणाली, "पाहा, महाराजांची किरपा."

रामाजीचा हात थांबला. "चूप बसा बे. बैलाच्या डोळ्याजवळ काडी नेली तर तो बी मान झटकते. हा डोळा बरा नाही झाला. हा डोळा झोपला."

त्याच दुपारी अंकुशची बायको दीक्षा आणि मी त्याला प्रताप नगरला डोळ्यांच्या डॉक्टर नंदिनींकडे घेऊन गेलो. त्यांनी कापसाचं टोक डाव्या डोळ्याला लावलं, पापणी झटकन मिटली. उजव्याला लावलं, काहीच नाही. मग कीस काढला आणि पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावरच्या काचेवर, कॉर्नियावर, मुगाच्या दाण्याएवढी जखम चमकत होती.

"हे तीर्थ नाही," बाटली पाहून त्या म्हणाल्या. "माझा अंदाज, हा डोळा बधिर करायचा थेंब आहे. कीस काढताना आम्ही एखादा टाकतो, घरी कोणालाच देत नाही. जिभेवर ठेवला तर जीभही बधिर होते. या काचेत खूप बारीक नसा असतात. त्या फक्त दुखणं कळवत नाहीत. त्यांच्यामुळे पापणी मिटते, पाणी येतं, जखम भरते. वेल्डिंगचा चटका दोन दिवसांत आपोआप भरला असता. याने नसांना रोज झोपवलं आणि वरचा थर विरघळत गेला."

"परत येतील का नसा?" दीक्षाने विचारलं.

"येतात. हळूहळू, महिने लागतात. पूर्ण येतीलच असं सांगत नाही. पण हे थेंब आजपासून बंद. खूप दुखेल, अंकुश. त्यासाठी पोटातून गोळ्या देते. दुखायला लागलं तर समजा, नस जागी होतेय."

दुखायला लागलं. गोळ्या पुरल्या नाहीत. दोन दिवस त्याने भिंतीवर डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. सकाळी दीक्षाचा फोन आला, "भाऊ, हे घरी नाही. मंडपात असतील."

मी आणि रामाजी धावलो. अंकुश पुढे, खाली मान घालून बसला होता. साहेब, तुम्ही त्याच्यापासून चार हातांवर होता. रामाजीने सेवेकऱ्याच्या हातातली बाटली घेतली आणि पाच-सहा थेंब स्वतःच्या जिभेवर पिळले. माइक ओढून म्हणाला, "ऐका गा. हे दवाखान्यातलं बधिर करायचं औषध हाय. थोडं थांबा, माही जीभ बी..."

पुढचे शब्द जड झाले. जीभ जागेवर राहीना, लाळ ओठावर आली. हाच पुरावा होता. डोळ्यांदेखत, कोणालाही करून पाहता येईल असा.

महाराजांनी क्षणभर पाहिलं आणि हात वर केला. "पाहा बाळांनो. निंदकाची जीभ तीर्थाने बांधली."

मंडप उठून उभा राहिला. टाळ्या, गजर. काही बाया रामाजीच्या नावाने बोटं मोडू लागल्या. रामाजी हात हलवून नाही नाही म्हणत होता, आणि जितकं म्हणत होता तितका गजर वाढत होता. तुम्हीही टाळ्या वाजवल्यात, साहेब. मी पाहिलं.

मी अंकुशजवळ बसलो. त्याने त्याच बाटलीतला एक थेंब जिभेला लावला. वाट पाहिली. दातांनी जीभ चावून पाहिली.

"खरं म्हणते रामाजी," तो म्हणाला. "कळलं मले."

मग मान मागे टाकून दोन थेंब डोळ्यात सोडले.

"कळलं, पण दुखते ना, भाऊ."

आज त्या बुबुळावर पांढरा डाग आहे. उजव्या डोळ्याने त्याला उजेड कळतो, टाका दिसत नाही. वेल्डिंग सुटलं, तो गोदामात पोती मोजतो. दीक्षा डॉक्टरांनी दिलेलं मलम चार वेळा लावते आणि प्रत्येक वेळी विचारते, "दुखलं का?" अजून तो नाही म्हणतो.

वाडीतल्या भावांनो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तीर्थाचा एक थेंब जिभेवर ठेवा आणि पाच मिनिटं मोजा. ज्या औषधाने दुखणं जातं पण पापणी मिटत नाही, त्याने तुम्हाला बरं केलेलं नाही.

आणि साहेब, त्या मंडपातली एक बाटली मी तुमच्या ऑफिसात जमा केली. पोच माझ्याकडे आहे. पाच महिने झाले. अंकुशसारखी अजून किती पोरं ती खिशात घेऊन फिरतात, मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असायला हवं. दवाखान्यात राहायची बाटली खोक्यांनी मंडपात कुठल्या दारातून आली? तपासणीचा कागद कुठे आहे? दुसरी बाटली मी घरी ठेवली आहे. सोमवारी घेऊन येतो. तुमच्या मते ते तीर्थ असेल, तर माझ्यासमोर एक थेंब जिभेवर घ्या. घेणार नसाल, तर का नाही, ते लिहून द्या.