ताटात वाजणारे घड्याळ

मित्रांनो, डोक्यावर दोन वाट्या, पाठीला दोन किल्ल्या आणि आवाज असा की कुंभकर्णानेही कूस बदलावी, असे मी एक जुने गजराचे घड्याळ आहे. सध्या माझा मुक्काम नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावी, तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, फ्रिजवर असतो. खिडकीतून सायकली दिसतात आणि बहुतेक वेळा पाऊस. तक्रार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवण सुरू होते ती औरंगाबादच्या एका वसतिगृहात. १९७३ साली इंजिनिअरिंग शिकणाऱ्या शशिकांतने पहिल्या शिष्यवृत्तीतून मला विकत घेतले. वसतिगृहाच्या अख्ख्या रांगेत घड्याळ मी एकटेच. रात्री तो मला स्टीलच्या ताटात ठेवी. पहाटे चार वाजता मी त्या ताटात असा थयथयाट करी की आठ खोल्यांतली मुले मला शिव्या देत अभ्यासाला बसत. निकालाच्या दिवशी मात्र त्यांनी पहिला पेढा माझ्यासमोर ठेवला. तो मान मी अजून विसरलेलो नाही.

शशिकांत पुढे पाटबंधारे खात्यात लागले आणि जन्मभर कालवे काढत फिरले. त्यांची मुलगी समता हिच्या परीक्षाही मीच पार पाडल्या. मग मोबाइल आले, आणि नागपूरच्या घरी माझी रवानगी कपाटावर झाली. अकरा वर्षे माझ्या किल्लीला कुणाचे बोट लागले नाही. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

समता डेल्फ्टला शिकायला आली आणि नोकरी लागल्यावर रायस्वाइकला राहू लागली. बाबांची एकच इच्छा होती. रोमला जुन्या पाण्याच्या कमानी आहेत. पंप नव्हते तेव्हा डोंगरातले पाणी नुसत्या उतारावर शहरात आणले, ते बांधकाम त्यांना बघायचे होते. २०२० च्या मार्चची तिकिटे काढली आणि कोरोना आला. दोन वर्षे बाबा नागपुरात आणि समता इकडे, एकमेकांना फोनच्या काचेत बघत बसले. त्या दोन वर्षांत बाबांचे कान गेले, गुडघेही कुरकुरू लागले. अखेर २०२२ च्या फेब्रुवारीत ते आले. रात्री कानाचे यंत्र काढून ठेवल्यावर त्यांना फोनचा गजर ऐकू येत नसे, म्हणून टॉवेलात गुंडाळून मलाही आणले. सोबत ताट होतेच.

समताला धास्ती वाटत होती. इटलीत सहा दिवसांत पाच शहरे, आणि प्रत्येक गाडी पहाटेची, म्हणजे उरलेला दिवस फिरायला मोकळा मिळतो.

"बाबा, ट्रेन दोन मिनिटं थांबते. तुम्हाला झेपेल का? नाहीतर ट्रिप कॅन्सल करू."

"तालीम करू," बाबा म्हणाले.

तीन शनिवार मी पावणेपाचला वाजलो. बाबा पाठीवर सॅक टाकून रायस्वाइक स्टेशनवर जात, पहिल्या गाडीत चढत, डेल्फ्टला उतरत आणि परत येत. तिसऱ्या शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आनेके आजी गाऊनवरच वर आल्या.

"आग लागली आहे का?" त्यांनी इंग्रजीत विचारले.

"नाही, आम्ही इटलीला जायची प्रॅक्टिस करतोय," बाबा म्हणाले.

"मग लवकर जा," असे म्हणून आजी खाली गेल्या. इथली माणसे आडपडदा ठेवत नाहीत.

इटलीत मी एकदाही चुकलो नाही. मिलान ते व्हेरोना, व्हेरोना ते व्हेनिस, व्हेनिस ते फ्लॉरेन्स, दरवेळी मास्क लावलेले बाबा फलाटावर सगळ्यांच्या आधी हजर. गुडघ्याला बाशिंगच म्हणा ना. तिसऱ्या दिवसापासून समताने फोनचा गजर लावणेच सोडले. "बाबा आहेत ना," म्हणायची आणि गाढ झोपायची. मला फार अभिमान वाटला.

कमानी बाबांनी मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी राखल्या होत्या. रविवारी सहा दहाची गाडी, आठच्या आत रोम, दोन तास कमानी आणि दुपारी बारा वाजता परतीचे विमान. मंगळवारी बाबा भारतात परतणार होते. पुन्हा व्हिसा, पुन्हा एवढा प्रवास या वयात होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

मी पावणेपाचला वाजलो. दोघे उठले, अंधारात चालत स्टेशनवर पोचले. बाबांच्या मनगटावरच्या घड्याळात पाच पस्तीस झाले होते. स्टेशनच्या घड्याळात सहा पस्तीस.

मित्रांनो, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी मध्यरात्रीनंतर सगळी घड्याळे एक तास पुढे करतात. बाबांना हे कुणी सांगितलेच नव्हते. आपल्याकडे असले काही नसते. समताला माहीत होते, पण इतकी वर्षे तिचा फोन आपला आपण पुढे जात असे, म्हणून लक्षात ठेवायची सवयच उरली नव्हती.

"बाबा, गाडी गेली! एकदा फोन तरी बघायचा ना! ते जुनं खटारं कशाला आणलंत?" समता ओरडली.

वड्याचे तेल वांग्यावर! मी सॅकमध्ये टिकटिकत राहिलो. पण बाबांनी गडबडीत कानाचे यंत्र लावलेच नव्हते. त्यांनी हसून रुळांकडे बघत विचारले, "वेळेआधी आलो ना गं? येईलच आता."

समता खाली बसली. तिने सॅकमधून यंत्राची डबी काढली, आपल्या हाताने त्यांच्या कानात यंत्र बसवले आणि म्हणाली, "बाबा, चूक माझी आहे. मी सांगायला हवं होतं."

सगळे ऐकल्यावर बाबा एवढेच म्हणाले, "बरं. पुढची कधी आहे?"

पुढची आठला होती. रोमला साडेनऊ वाजले, आणि कमानींकडे जायला वेळ उरला नाही. विमानतळाकडे जाणाऱ्या लोकल गाडीत दोघे बसले. शहर मागे पडले तशी समता एकदम ओरडली, "बाबा, उजवीकडे! कमानी!"

मला सॅकमधून काही दिसत नव्हते. बाबांच्या गुडघ्यांचा आवाज झाला, म्हणजे ते उभे राहिले असावेत. ते मोजू लागले. एक, दोन, तीन… सतरापर्यंत मी ऐकले. मग मोजणे थांबले. गाडी आपल्या वेगाने जातच होती.

"किती झाल्या, बाबा?"

"मोजायच्या राहिल्या," बाबा म्हणाले. "बघत बसलो."

मंगळवारी ते गेले, पण मला इथेच ठेवून गेले. मित्रांनो, माझ्यासारखे जुने यंत्र सांगितलेली वेळ इमानाने दाखवते, न सांगितलेली त्याला कळत नाही. म्हाताऱ्या माणसांचेही तसेच असते. रागावण्याआधी, आपण त्यांना सांगितले होते का, एवढे मनाशी विचारत जा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी समताने मला मांडीवर घेतले आणि नागपूरला व्हिडिओ कॉल लावला.

"जय भीम, बाबा. आज एक तास मागे करायचाय."

"काटे उलटे फिरवू नकोस, स्प्रिंग बिघडेल. अकरा तास पुढे ने, तबकडी बाराचीच आहे. सावकाश. मी आहे फोनवर."

तिने अकरा तास पुढे नेले. नागपुरात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि बाबा कानात यंत्र घालून जागे होते.