लॉर्नाच्या सीटचा पट्टा

मी बोलतोय, गाडीतल्या सीटचा पट्टा. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटचा. सध्या मुक्काम भंगाराच्या आवारात, बर्फाखाली. अर्धा आत, अर्धा बाहेर लोंबतोय. टकरीत एकदा कामी आलो की आमची जात पुन्हा आत गुंडाळली जात नाही.

मिनेसोटातल्या एका छोट्या गावात आर्व्हिड आणि लॉर्ना या म्हाताऱ्या जोडप्याकडे मी नऊ वर्षं काढली. लॉर्ना माझ्या सीटवर बसायची. थंडी उणे पंचवीस असो, आधी जाड कोट काढून मागे टाकायची आणि मगच मला खांद्यावरून ओढून घ्यायची. "पट्टा अंगाला लागला पाहिजे, कोटाला नाही," असं तिचं म्हणणं. तिच्या स्वेटरला वेलदोड्याच्या पावाचा वास यायचा.

आर्व्हिड मात्र कुरकुऱ्या.

"चाळीस वर्षं ट्रॅक्टर हाकला. कुणी बांधून नाही ठेवलं मला."

"ट्रॅक्टरवर मी शेजारी नव्हते. बांध."

तो बांधायचा. न बांधून सांगतो कुणाला?

नोव्हेंबरात लॉर्ना गेली. दफनाहून परतताना आर्व्हिडने त्याच्या बाजूचा पट्टा, म्हणजे माझा जुळा भाऊ, पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवला आणि त्यावर रेलून बसला. गाडीची टिणटिण थांबली. तिला वाटलं, म्हाताऱ्याने पट्टा लावला. इतकी हुशार गाडी, पण एवढं तिला कळत नाही. मला कळत होतं, आणि माझ्या हातात काही नव्हतं. रोज गाडी सुरू झाली की माझा जीव टांगणीला लागायचा.

आणि लॉर्नाची आठवण यायची, ती वेगळीच. रिकाम्या सीटशेजारी लटकून राहणं फार वाईट असतं.

दफनानंतर चर्चच्या बायकांनी काचेच्या मोठ्या भांड्यांतून जेवण पोचवलं होतं. प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टी, त्यावर मालकिणीचं नाव. भांडी परत करायची म्हणून आर्व्हिड ती लॉर्नाच्या सीटवर ठेवायचा. त्या वजनाने गाडी माणूस बसलाय समजून टिणटिण करायची. मग तो भांड्यांना मला बांधायचा. दुसऱ्याच्या भांड्याचा टवका उडालेला लॉर्नाला खपला नसता. काच थंडगार लागायची, पण मी घट्ट धरायचो. कुणाला तरी धरायला मिळालं, यातच समाधान.

फेब्रुवारीत शेवटचं भांडं राहिलं, लॉर्नाची मैत्रीण मार्डेल हिचं. भर दुपारी आम्ही तिच्याकडे पोचलो, तर ती अंगणातच उभी होती. तिने आपलं भांडं घेतलं आणि कापडी पिशवीतलं एक भरलेलं भांडं पिशवीसकट सीटवर ठेवलं.

"हे लॉर्नाचं. पानगळीच्या दिवसांपासून माझ्याकडे पडलं होतं. रिकामं कसं देऊ? बटाट्याचं केलंय, गरम करून खा."

आर्व्हिडने भांडं उचलून तळाशी पाहिलं. लॉर्नाचं अक्षर. त्याने ते परत पिशवीत ठेवलं, पिशवीच्या कानांतून मला ओवलं आणि दोनदा ओढून पाहिलं. मार्डेलचं लक्ष त्याच्या पाठीकडे गेलं.

"भांड्याला पट्टा, आणि स्वतः पट्ट्यावर बसलायस होय रे?"

"मला कोण विचारतंय आता."

"भांड्यावर तिचं नाव आहे म्हणून जपतोस ना? मग तुझ्यावर कुणाचं नाव आहे, आर्व्हिड?"

  आर्व्हिडने कोट काढला, पाठीमागचा पट्टा सोडवून छातीवरून घेतला. मार्डेल खटका वाजेपर्यंत गाडीच्या दारातून हलली नाही.

पुढच्याच चौकात, गोठलेल्या रस्त्यावर, धान्याचा ट्रक घसरत आडवा आला. काचेमागचा कॅमेरा आधी चपापला. आर्व्हिडचा पाय पोचायच्या आत गाडीने स्वतः ब्रेक दाबले, तरी धडक बसलीच. आमच्या यंत्रात चिमूटभर स्फोटक असतं, ते उडालं आणि आम्ही दोघं भाऊ क्षणात आवळलो. कोट असता तर चार बोटं ढिलाई राहिली असती. स्टिअरिंगमधली एअरबॅग जन्मभर अंधारात घडी होऊन पडलेली, ती फुगली, त्याचं तोंड झेललं आणि लगेच मऊ पडली. माझ्या बाजूची उघडली नाही. टिणटिण भांड्यालाही फसते, पण एअरबॅगला माणसाएवढं वजन लागतं; सीटवर माणूस नाही हे तिला कळलं होतं. मग दारांची कुलुपं उघडली, दिवे लुकलुकू लागले, गाडीने आपणच मदतीला फोन लावला. मला ऐकू येत होता फक्त आर्व्हिडचा श्वास. तो चालू होता.

आठवड्याने तो इथे आला, हात गळ्यात बांधलेला. मार्डेलने आणला होता. बर्फ झाडून त्याने माझा खटका दाबला आणि पिशवी काढून घेतली. बटाटे दगडासारखे गोठले होते. भांडं त्याने बोटांनी कडेकडेने चाचपलं.

"एक टवका नाही," तो म्हणाला. आणि जाता जाता अंगठा माझ्यावरून फिरवला, लॉर्ना फिरवायची तसा. मी पिळवटून गेलो.

आता फुटक्या काचेतून दिसतंय. मार्डेलच्या गाडीत तो शेजारच्या सीटवर बसलाय, एका हाताने कोट काढायची धडपड करतोय. ती इंजिन सुरू न करता थांबली आहे. त्याने पट्टा ओढला. तो पट्टा माझ्या ओळखीचा नाही, तरी त्याला सांगतो: बाबा रे, नीट धर म्हाताऱ्याला. त्याच्यावर लॉर्नाचं नाव आहे.