माप घेताना

"दादा, मी ठरवलंय की"

इथं ट्रे तोंडात गेला. वाक्य अर्धंच राहिलं. उरलेलं पुढं येईल, पण वाट बघावी लागेल. मलाही बघावी लागली.

ट्रे म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराचं प्लॅस्टिकचं पन्हाळं. त्यात हिरवा मऊ मसाला भरतात आणि वरच्या दातांवर दाबून धरतात. मसाला रबरासारखा घट्ट झाला की एका झटक्यात ओढून काढतात. आत दातांचा ठसा उमटतो, त्यावरून ब्रिज बनतो. माझी उजवीकडची एक दाढ नाही. तिच्या आजूबाजूचे दोन धडधाकट दात दादानं गेल्या आठवड्यात चारी अंगांनी घासून खुंट करून ठेवले. खुंटांवर टोप्या बसणार आणि टोप्यांच्या मध्ये खोटी दाढ.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. दातांचा डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. घरात दादा, वहिनी, आई आणि मी. वहिनी दवाखान्यातही असते, मसाला तीच कालवते.

"हलू नकोस," दादा म्हणाला. "दुखलं तर डावा हात वर कर."

हे तो सगळ्यांना सांगतो. खुर्चीत बसलेल्या माणसाला एवढा एकच शब्द मिळतो. हात वर, म्हणजे दुखतंय. बाकी कशासाठी हात नाही.

—

आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं याच खुर्चीत होतं, कारण दादाला दुसरीकडं वेळ नसतो. "बसून बोलू" म्हटलं की लोकांच्या घरी सोफा असतो, आमच्याकडं ही खुर्ची. आईनं जुनं घर विकायला होकार दिला तो दोन्ही गालांत कापसाचे बोळे असताना. वहिनीनं शाळेतली नोकरी सोडायचं कबूल केलं तेव्हा तिच्या अक्कलदाढेत सुई होती. ती हे हसत सांगते. माझं तर सगळ्यात आधीचं, तेव्हा खुर्ची दादाच्या कॉलेजातली होती. मी सतराव्या वर्षी सायकलवरून पडले, डावीकडचा दात गेला. दादा तेव्हा शिकत होता आणि परीक्षेसाठी त्याला एक तोंड हवं होतं.

"आ कर," तो म्हणाला.

मी आ केलं. तोच माझा होकार.

थोडक्यात, आमच्याकडं ज्याचं तोंड उघडं त्याचं बोलणं बंद.

घराच्या व्यवहारानंतर आई मात्र पुन्हा कधी खुर्चीत बसली नाही. तिची कवळी सैल झालीय, बोलताना खाली येते, मग ती अंगठ्यानं वर ढकलून पुढचं बोलते. "बसवून घे ना," दादा म्हणतो. "आहे तशी बरी," आई म्हणते. आत्ताही ती दाराजवळच्या बाकावर होती. रुग्णांच्या बाकावर, पण रुग्ण म्हणून नाही.

—

मी एका रोपवाटिकेत कलमं बांधते. तिथल्या मालकीणबाई डोंगरापलीकडं नवी रोपवाटिका काढतायत, ती मी चालवायची. राहायला खोली आहे. रोपांनी भरलेला ट्रक आज दुपारी निघणार आणि ड्रायव्हरशेजारी माझी जागा. ट्रक निघायच्या आत मी हो म्हटलं तर. नाहीतर गुदाम बघणारा माणूस जाणार, तो कधीचा टपून बसलाय.

रविवारी मी हे घरात सांगितलं.

सोमवारी दादाला माझ्या उजवीकडची फट दिसली. ती फट चार वर्षं तिथंच होती.

"जायचंच असेल तर तोंड नीट करून जा," तो म्हणाला. यात वाईट काय होतं? मी बसले. दोन दात घासून झाल्यावर म्हणाला, "आता पक्का ब्रिज बसेपर्यंत तीन आठवडे तरी. असं अर्धवट तोंड घेऊन कुठं जाणार तू?"

आज माप आणि आजच ट्रक. माप घेण्याआधी एक वाक्य बोलून टाकायचं, असं ठरवून मी खुर्चीत बसले. ते वाक्य सुरूही केलं होतं. वर आहे.

—

"मी काय म्हणतो," दादा म्हणाला. तो असं म्हणतो तेव्हा म्हणणं संपलेलं असतं. "आईचं सगळं तूच बघतेस. बाई ठेवली तर आई तिला दोन दिवसांत पळवून लावेल."

"एका दिवसात," बाकावरून आई.

"ऐक. आणि झाडांचंच म्हणशील तर अख्खी गच्ची घे. लाव काय लावायचं ते."

मी: अं.

(गच्चीवर टाकी आहे, दोरी आहे आणि तुझ्या चादरी आहेत, दादा.)

"पाणीही वरच्या वर मिळेल."

मी: अंअं!

"तेच म्हणतोय मी."

"अहो, झालं असेल घट्ट," वहिनी म्हणाली. "काढा आता."

दादानं ट्रे ओढला. ट्रे आला नाही. पुन्हा ओढला. माझं डोकं आलं.

—

कारण सांगते, तेवढा वेळ आहे.

डावीकडचा तो जुना, परीक्षेतला ब्रिज. त्यातला खोटा दात आणि हिरडी यांच्या मध्ये एक बारीक बोगदा असतो. माप घेण्याआधी तो मेणानं बुजवायचा. नाही बुजवला तर मसाला बोगद्यातून आरपार जातो, घट्ट होतो आणि ट्रे आतून कडी घातल्यासारखा बसतो. दादा प्रत्येक रुग्णाचा बोगदा बुजवतो. माझा ब्रिज त्यानं स्वतः केलेला. इतकी वर्षं बघून बघून तो त्याला माझा खरा दातच वाटायला लागला होता. शिवाय तो बोलत होता.

"मेण लावलंत ना?" वहिनीनं विचारलं.

दादानं ट्रे पुन्हा एकदा ओढून बघितला.

"अहो, मेण."

"मेण तू हातात द्यायचं असतं."

"मी मसाला कालवत होते. दोनच हात आहेत मला."

जबड्याच्या हाडाला ओढ बसत होती. जीभ मागं ढकलली गेलेली, लाळ कानामागून मानेत उतरत होती. श्वास फक्त नाकानं. डोळ्यांसमोर छताला चिकटवलेलं समुद्राचं चित्र. रुग्णांना बरं वाटावं म्हणून दादानंच लावलेलं. त्याचा एक कोपरा सुटलाय.

आणि खुंटीला अडकवलेल्या माझ्या पिशवीत फोन वाजला.

मी डावा हात वर केला.

"दुखतंय? थोडं सोस. ट्रे कापावा लागणार."

वहिनीनं फोन काढला, नाव वाचलं आणि दादाकडं बघितलं. दादा ड्रिलला बारीक चाकी लावत होता. त्यानं मान हलवली. थोडीशीच.

"हॅलो... हो, मी तिची वहिनी. ती ना, खुर्चीत आहे. नाही हो, नाही जमणार तिला... हो हो, तिनंच सांगितलंय."

या ठिकाणी मी बोलले ते असं:

अं. अं अं अं. अंऽऽ.

दोन्ही हात वर केले. दादानं माझी मनगटं धरून पोटावर ठेवली. "अगं, चाकी लागेल! वेडी आहेस का?"

"तिनं हात वर केला होता," आई म्हणाली.

"दुखतंय तिला, आई."

"दुखतंयच." तिनं कवळी वर ढकलली. "म्हणूनच केला."

मग ड्रिल सुरू झालं आणि कुणाचंच काही ऐकू येईना.

—

प्लॅस्टिक जळल्याचा वास. उजवा तुकडा निघाला. मधला निघाला. डावा निघेना. दादाच्या कपाळावरचा घाम माझ्या कपाळावर पडला. कडक्‌ असा आवाज माझ्या डोक्याच्या आतून आला, तुकडा सुटला, आणि त्याच्यासोबत जुना ब्रिजही. हिरव्या मसाल्यात रुतलेला, एका टोपीला ड्रिलची चीर.

दादानं तो दिव्याखाली धरला. "बघ, किती टिकला," तो म्हणाला. खरंच कौतुकानं.

"आता दोन्हीकडं उघडं झालं," वहिनी म्हणाली.

"झालं तर झालं. दोन्ही बाजू एकदमच करू. महिना, दोन महिने." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चला, एका अर्थी प्रश्नच मिटला."

तो मायेनं बोलत होता. हीच तर पंचाईत होती. रागावला असता तर मी कधीच उठले असते.

मी चूळ भरली. थुंकले. खुर्चीतून उतरले.

"मी जाणार आहे."

चारही खुंटांना एकदम हवा लागली, डोळ्यांपर्यंत कळ गेली. म्हणून मी ते पुन्हा एकदा म्हटलं, नाहीतर मला स्वतःलाच पटलं नसतं.

वहिनीच्या हातातून फोन घेतला आणि मालकीणबाईंना लावला.

"तुमच्या वहिनी तर म्हणाल्या—"

"त्या वहिनी होत्या. ही मी."

"गुदामवाला चढून बसलाय हो."

"उतरवा त्याला."

"ट्रक तुमच्या रस्त्यानं पाठवते. फार थांबणार नाही."

—

"तिथं ब्रिज कोण बसवणार तुला?" दादा म्हणाला.

"तिथंही माणसांना दात असतील."

"आणि मला?" आईनं विचारलं. "मला कोण बघणार?"

मी खुंटीवरून पिशवी काढली. आईच मग वहिनीकडं बोट करून म्हणाली, "गोळ्यांचा डबा कुठं असतो ते हिला दाखवून जा."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. अक्कलदाढेची गोष्ट सांगताना ती जशी हसते तसं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. मी नजर दुसरीकडं वळवली, डबा कुठं असतो ते सांगितलं आणि पिशवी खांद्याला लावली.

कळ मात्र खरी होती. तोंड मिटलं तरी होती. दादानं ती ओळखली, तेवढा डॉक्टर तो आहे.

"तात्पुरत्या टोप्या बसवतो. पाचच मिनिटं." त्यानं पायानं पेडल दाबलं, खुर्ची खाली आली. "बस."

"उभ्यानं बसव."

"उभ्यानं कोणी टोप्या बसवतं का?"

"तू बसव."

दिव्याचा हात माझ्यापर्यंत पोचेना. वहिनीनं फोनचा टॉर्च धरला. दादा माझ्यापेक्षा बुटका आहे हे मला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं. तो चवड्यांवर उभा राहिला, एक हात माझ्या हनुवटीला, आणि उजवीकडची टोपी दाबता दाबता म्हणाला, "मी काय म्ह—"

मी डावा हात वर केला.

तो थांबला. "दुखतंय?"

मी मानेनं नाही म्हटलं. हात तसाच वर ठेवला.

पुढचं सगळं त्यानं न बोलता केलं. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा डावी बाजू राहिली होती.

मी तोंड मिटलं.