वीस तारखेची दोन कार्डं

कुंदनचं कार्ड शुक्रवारी दुपारी आलं. सत्त्याण्णव सालचा मे, तेवीस तारीख. पोस्टमननं ते ओट्यावर टाकलं आणि माझ्या आधी सासूबाईंनी उचललं. त्यांना वाचता येत नाही, पण मुलाचं अक्षर त्या ओळखतात.

"वाच गो."

"शिखर झालं. सुखरूप खाली आलो. काळजी नसावी. वीस मे. कुंदन."

सासूबाई मटकन खाली बसल्या. पंधरा दिवस त्या निम्मं ताट तसंच सारत होत्या. "गावदेवी धावली माजी," म्हणाल्या. "कोंबडा नि पाच नारलं बोललेली हाय. रविवारी फेडून टाकू. नवस अंगावर ठेवू नये."

मी कार्ड उलटं केलं. सवयच आहे, दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा मी दोनदा वाचते. पोस्टाचा शिक्का पुसट होता, पण वाचता येत होता. सोळा मे. वीस तारखेला लिहिलेलं पत्र सोळाला पेटीत पडलं होतं.

शिक्का चुकला असेल, मी स्वतःला सांगितलं. आणि सासूबाई पंधरा दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवल्या म्हणून गप्प बसले.

कुंदन महाप्याच्या कंपनीत सुपरवायझर. शेजारच्या मशीनवरच्या कमळाकरनं त्याला ठाण्याच्या एका गिर्यारोहण क्लबात नेलं आणि दोघं वेडे झाले. हिमाचलातलं वीस हजार फुटी शिखर, दहा जण, एक गाइड, बारा दिवस चाल, शेवटचे दोन दिवस दोरीला बांधून हिमनदीवरून. चार महिने कुंदन रोज सकाळी पाठीवर मिठाचं पोतं घेऊन बेलापूरची टेकडी चढत होता.

"मिठागरात जन्मलेल्या माणसाला बर्फात काय शोधायचंय?" मी विचारलं होतं.

"दोन्ही पांढरंच की गं," तो हसला होता. "आमच्या घराण्याला सवय आहे."

रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही खाडीकाठच्या गावदेवीला गेलो. कोंबड्यानं फार वेळ लावला. दीड वर्षांची लेक माझ्या कडेवर, तिचे डोळे मी तळव्यानं झाकले होते. सासूबाई माझ्या हातात नारळ देऊन म्हणाल्या, "नमिता, शेवटचा तू फोड. नवरा तुजा हाय." शिक्क्याची गोष्ट अगदी जिभेवर आली होती. मी नारळ फोडला.

सोमवारी दुसरं कार्ड आलं.

"शिखर झालं नाही. हवा वाईट, मागे फिरलो. सुखरूप आहे. काळजी नसावी. वीस मे. कुंदन."

दोन्ही कार्डं मी ओट्यावर शेजारी ठेवली. अक्षर एकच, शाई एकच, तारीख एकच. शिक्काही तोच, सोळाचा. एक कुंदन वर पोचला होता, एक वाटेतून फिरला होता, आणि दोघांनाही काहीच झालेलं नव्हतं.

लेकीला सासूबाईंकडे देऊन मी दिनानाथच्या एसटीडी बूथवर गेले. क्लबाचे सेक्रेटरी रावसाहेब फोनवर आले.

"घाबरू नका वहिनी, पद्धतच आहे ती आपली," ते म्हणाले. "वरून उतरल्यावर बोटं आखडतात, पेन धरवत नाही कुणाला. म्हणून गाइड बेस कँपवरच दोन दोन कार्डं लिहून घेतो. झालं, आणि नाही झालं. तारीखही ठरलेलीच घालतात. परत आले की खरं असेल ते टाकायचं, दुसरं फाडायचं. यंदा खेचरवाल्यानं दोन्ही गठ्ठे आधीच पेटीत टाकले वाटतं."

"मग झालं की नाही?"

"बर्फ पडत होता, अडकून पडले होते. रविवारी चढणार, असा निरोप आला शनिवारी."

"रविवारी म्हणजे काल?"

"हो, काल. पुढचं कळायला दोनेक दिवस जातील. टेन्शन घेऊ नका."

"या दोन कार्डांशिवाय तिसरं लिहून घेता का हो?"

"तिसरं कशाला?" रावसाहेब म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. शिक्क्याचंही.

"तू शुक्करवारीच बघितलंस?"

"हो."

"नि रविवारी माज्या बाजूला उभी राहून नारल फोडलास." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पोर वर चढत व्हता, नि हितं मी देवीला मोकली केली. तिचं काम सरलं गो. आता ती कशाला बघंल त्याच्याकडं?"

"परत बोला नवस," मी म्हणाले. मी, बीएस्सी केमिस्ट्री.

"कुठल्या तोंडान?"

दोन दिवस त्या उंबऱ्यात बसून राहिल्या. घरात दोन कुंदन वावरत होते. एक हसत आत यायचा, दुसरा ओट्यावर बसून मुकाट्यानं बूट सोडायचा. लेक दाराकडे बघून "बाबा" म्हणाली की मी तिला उचलून आत न्यायचे. ती कुणाकडे बघत होती, ते बघायला मान वळवायची हिंमत नव्हती.

बुधवारी अकराच्या सुमाराला दिनानाथ धावत आला. "वहिनी, फोन! चालू ठेवलाय, पळा!"

लेकीला शेजारणीकडे देऊन आम्ही दोघी पळालो. मी फोन कानाला लावला. खरखर, आणि त्यातून, "नमिता, मी बोलतोय."

आवाज त्याचाच. पण अक्षरही त्याचंच होतं की. "आज वार कोणता?" मी विचारलं.

"काय?"

"वार सांग आधी."

"बुधवार." तो थांबला. "आम्ही सगळे नाही उतरलो गं. कमळाकर… रविवारी सकाळी. हिमनदीतल्या भेगेवर बर्फाचा पापुद्रा होता, तो फुटला. माझ्या पुढेच होता तो दोरीवर. दोर कापला गेला."

कळंबोलीत कमळाकरच्या घरीही दोन कार्डं पोचली असणार. त्यातलं कुठलं त्याच्या बायकोनं उशाशी ठेवलं असेल? मला विचारवेना, की सकाळी म्हणजे किती वाजता.

"आईला दे," तो म्हणाला.

सासूबाई काचेबाहेर उभ्या होत्या. मी त्यांना आत ओढलं आणि फोन दोघींच्या कानांशी धरला.

"आई," कुंदन म्हणाला.

त्यांनी ओठ घट्ट मिटले. मला कळलं. आमच्या गावात पहिल्या दोन हाकांना ओ देत नाहीत. जो माणूस नाही तो दोनदाच हाक मारू शकतो, म्हणतात.

"आई?"

त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली. फोनमध्ये नुसती खरखर होती. दिनानाथ आमच्याकडे बघत राहिला. मी, केमिस्ट्रीवाली, श्वास धरून मोजत होते.

"आई, बोल की गं!"

"ओ," त्या म्हणाल्या. "ओ रे माज्या पोरा. ओ."