अक्रोडाची गिटार

मशीन सुरू झाली तशी तिने हातातली सुरी खाली ठेवली. कांदा अर्धा चिरून तसाच राहिला. मागच्या खोलीतून घर्रर्र आवाज आला आणि पाठोपाठ कपाटातल्या बशा किणकिणायला लागल्या. तिने ओट्याची कड घट्ट धरली. आवाज चालू आहे तोवर ठीक. तो मध्येच तुटला, की धावायचं. टॉवेल, बर्फ, शेजारच्या ड्रायव्हरचा फोन नंबर, सगळं चार दिवसांपासून हाताशी तयार होतं.

पाच महिन्यांपूर्वी फर्निचरच्या कारखान्यात असल्याच, पण हिच्या चौपट मोठ्या मशीनने तिच्या नवऱ्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नेली होती. आता डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं होतं, आणि सोमवारी त्याच मशीनवर उभं राहायचं होतं. त्याआधी हात बसावा म्हणून त्याने घरीच गिटारची बॉडी करायला घेतली. लेक परगावी शिकायला होती, तिथल्या बँडमध्ये वाजवायची. तिला कबूल करून वर्ष उलटलं होतं. अक्रोडाच्या दोन फळ्या जोडणं, करवतीने आकार कापणं, कडा कानशीने घासून गोल करणं, इथवर सगळं मजेत झालं. शीळसुद्धा घातली त्याने. मग गिटारची मान बसवायला आणि आतल्या वायरींसाठी खाचा पाडायची वेळ आली, आणि त्याने मित्राकडून लाकूड कोरायची छोटी मशीन, राउटर, आणली. “मिनिटाला वीस हजार फेरे घेतं पातं,” असं त्याने तिला कौतुकाने सांगितलं होतं, जणू ही आनंदाची बातमी होती.

“बस जरा. उभी राहून काय थांबवणार आहेस तू?” टेबलापाशी शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलेल्या बाई. डोळे अधू झाले होते, कान मात्र अजून पोरांच्या चुका पकडायच्या तयारीत असायचे.

“तुम्हाला भीती नाही वाटत, आई?”

“वाटते. पण तुला वाटते ती नाही.” त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. “मशीन लाकडात शिरली की तिचा सूर उतरतो. दम लागल्यासारखा. कोपऱ्यावरच्या सुताराकडे ऐक कधी. ह्याची चार दिवस एकाच पट्टीत चाललीय.”

“म्हणजे?”

“म्हणजे हवेत फिरतेय ती.”

तिने ओट्याची कड सोडली.

“लहानपणी पोहायला घातला होता,” सासूबाई हळूच म्हणाल्या, “तेव्हाही काठावर बसून पाय आपटायचा. मला लांबून पाणी उडताना दिसावं म्हणून.”

तिला एकदम त्याचे शर्ट आठवले. धूत होती तीच. चार दिवसांत एकाही शर्टातून भुसा पडला नव्हता, आणि हे आपल्या कसं लक्षात आलं नाही म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

मागच्या खोलीचं दार तिने आवाज न करता उघडलं. तो फळीसमोर उभा होता. राउटर दोन्ही हातांनी धरलेला, फळीच्या वीतभर वर, आणि डोळे गच्च मिटलेले. फळीवरचा पेन्सिलीचा चौकोन जसाच्या तसा होता. हाक मारली तर दचकेल म्हणून ती भिंतीच्या कडेने गेली आणि बटण बंद केलं.

पातं फिरत फिरत थांबलं. त्याने डोळे उघडले.

“झालंच होतं,” तो म्हणाला. मग त्याने फळीकडे पाहिलं आणि राउटर बाजूला ठेवून दिला. शर्ट पाठीला चिकटला होता. “खाली टेकवायला गेलो की हात मागे येतो. मी आणत नाही गं. आपोआप येतो.”

तिला चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

“मला वाटत होतं, घरात मी एकटीच घाबरलेय,” ती म्हणाली.

“आईला सांगू नकोस.”

“त्यांनीच मला सांगितलं.”

तो मटकन स्टुलावर बसला. हसायला गेला, पण जमलं नाही.

“ह्या खाचा पटाशीने नाही का होणार?” तिने विचारलं.

“होतील. आठ-दहा दिवस ठोकत बसावं लागेल.”

“मग ठोका. कोण मागे लागलंय?”

“आणि सोमवारी? तिथे पटाशी घेऊन जाऊ?” त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. “वीस वर्षं काढली त्या मशीनवर. नवीन आलेल्यांना मीच दटावायचो, भित्र्याचं इथे काम नाही म्हणून. आता फोरमनला काय सांगू?”

“आम्हाला चार दिवस जे सांगितलं नाहीत, ते.”

तो बराच वेळ तळव्याने फळी पुसत राहिला. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं. मग त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि फोन तिच्यापुढे धरला. तिने तो परत त्याच्या हातात दिला आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.

“साहेब, सोमवारी येतोय मी,” तो म्हणाला. “पण मशीनवर नको. भीती वाटते मला.”

फोन कानाला लावून तो फोरमनच्या उत्तराची वाट बघत तसाच बसून राहिला आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.