पाणपिसू

जहिराने दोरी हातावर गुंडाळत जाळं वर ओढलं. रेशमी कापडाच्या त्या निमुळत्या पिशवीतून दाट हिरवं पाणी होडीत निथळलं आणि सिल्व्हियाने नाकाला पदर लावला.

"वास येतोय न्हवं?" वल्हं थांबवून भीमा म्हणाला. "औंदा लईच हाय. म्हशी बी तोंड लावत न्हाईत."

जाळ्याच्या टोकाला बांधलेली बाटली जहिराने उजेडात धरली. हिरव्या गढूळपणाखेरीज तिच्यात काही हलत नव्हतं. तिने ती घाईने झोळीत ठेवली.

धरणाच्या या फुगवट्यावर जोशुआ वर्षानुवर्षं दर रविवारी येत असे. श्रीरामपूरच्या एका कॉलेजात तो प्राणिशास्त्र शिकवायचा. जहिरा त्याची शेवटची विद्यार्थिनी. बायको, सिल्व्हिया, चर्चला निघाली, की हा बरण्या घेऊन इकडे. टाचणीच्या डोक्याएवढी पाणपिसू इथलं शेवाळ खाते, म्हणून पाणी नितळ राहतं, असं तो घरी सिल्व्हियाला सांगायचा, पिसू कशी दिसते तेही रंगवून.

"एकदा चल की. मायक्रोस्कोपमधून दाखवतो तुला," तो म्हणायचा.

"पुढच्या रविवारी," ती म्हणायची.

तिला त्या पाण्याचा राग होता. पुढे त्याने विचारणंच सोडून दिलं. गेल्या जुलैत कॉलेजच्या जिन्यात तो कोसळला, तो उठलाच नाही. आणि आज, कुणी बोलावलेलं नसताना, ती स्वतःहून जहिराबरोबर आली होती.

काठावर भीमाच्या घराच्या ओट्यावर जहिराने मायक्रोस्कोप मांडला. काचेवर थेंब ठेवला, पाहिला, पुसला. दुसरा ठेवला. तोही पुसला.

"चिलापी मासळी माजलीय मॅडम," मान वर न करता ती म्हणाली. "तिची पिल्लं पाणपिसवा खाऊन टाकतात. मग शेवाळ खायला कोण उरणार? त्यात गावागावांचं सांडपाणी. सर होते तेव्हा एका थेंबात चार-पाच तरी सापडायच्या."

"आणि आता?"

जहिराने नवा थेंब घेतला. "असेल. एखादी तरी असेल. थांबा तुम्ही."

सिल्व्हिया थांबली. ऊन ओट्यावर चढलं. भीमाने आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. जहिरा आता घाईघाईने थेंबामागून थेंब पाहत होती. एक काच निसटून फरशीवर फुटली.

"सॉरी मॅडम." तिचा आवाज चिरकला. "सरांची फार इच्छा होती तुम्हाला दाखवायची. तुम्ही आलात, आणि मला एकही सापडत नाही."

सिल्व्हियाने वाकून काचेचे तुकडे वेचले, बाजूला ठेवले. मग म्हणाली, "सरक जरा. मला बघू दे."

चष्मा काढून तिने नळीला डोळा लावला. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. दुसऱ्या, मिटलेल्या डोळ्याच्या कडेला सुरकुत्या गोळा झाल्या होत्या.

"दिसली," ती म्हणाली.

"खरंच?"

"हो तर. अगदी काचेची. आरपार. आत काळीज धडधडतंय बघ. पाठीत अंडी, मोती ओवल्यासारखी. आणि बाईसाहेब जेवणात दंग, आपल्याकडे लक्षसुद्धा नाही."

ती बाजूला झाली. पदराने चष्म्याच्या काचा पुसू लागली, पुसतच राहिली.

जहिरा पुढे वाकली. नळीखाली हिरवे धागे एकमेकांत गुंतून पडले होते. तिने काच डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली. धाग्यांशिवाय काहीच नव्हतं. प्रयोगशाळेतल्या पहिल्या दिवशी सरांनी तिला मायक्रोस्कोपपाशी बोलावून अगदी याच शब्दांत पिसू दाखवली होती. काळीज, मोती, आणि ते बाईसाहेबसुद्धा.

"हो मॅडम," नळीवरून डोळा न काढता जहिरा म्हणाली. "तीच."