माझं तेल कुठून गळतं?

जुनी म्हणा, दमलेली म्हणा, मी ऐकून घेईन. पण मित्रांनो, भंगार म्हणाल तर माझ्याशी गाठ आहे. मी मोटार आहे. कुसगावच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला पत्र्याची शेड दिसते, तिथं मी उभी असते. माझ्या टपाचं कापड विरलंय, एका दिव्याची काच फुटलीय. तरी समोरून जाणाऱ्या नव्या मोटारी बघितल्या की मला हसू येतं. नुसता रंग! घाट चढताना धाप लागते त्यांना.

मी आले बोटीनं, मुंबईच्या धक्क्यावर, लाकडी खोक्यात बसून. खंडाळ्याच्या एका पारशी साहेबाच्या बंगल्यावर मला पुसायलाच एक माणूस ठेवलेला होता. पुढं साहेब वारला, बंगला विकला गेला, आणि लोणावळ्याच्या हौशीरामनं मला घरी नेलं. त्याचे दोन टांगे होते. घोडी विकून त्यानं मोटार घेतली तेव्हा सगळा बाजार हसला. मग मी स्टेशनपासून कार्ल्याच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत पाहुणे नेऊ लागले, तेव्हा हसणारेच हात दाखवून मला थांबवू लागले. चालवायला अल्लाउद्दीन होता. हात हलका, डोकं थंड. बायकोच्या, म्हणजे मदिनाच्या, हातची भाकरी खायचा आणि दिवसभर माझ्या चाकाशी असायचा. सात वर्षं आमचं बरं चाललं.

आठव्या वर्षी श्रावण सरता सरता माझं तेल गळायला लागलं.

आता हे मला कसं कळलं ते ऐका. माझे दोन्ही डोळे पुढे. पाठीमागं कोण काय करतं, पोटाखाली काय ठिबकतं, मला काय ठाऊक? स्टेशनवर बायका नऊवारीचा काठ उचलून माझ्यापासून लांब चालायला लागल्या, तेव्हा कळलं. जिथं उभी राहीन तिथं काळं थारोळं. लाजेनं मेले मी. एवढ्या वयात असं!

पोटाखाली तेल साठवायचा चेंबर असतो. अल्लाउद्दीननं पाना घेऊन त्याचे सगळे नट आवळले. दोन दिवस बरी होते. मग तेल वरच्या झाकणातून आलं. ते त्यानं आवळलं, तर पुढच्या बाजूनं. तिथलं पॅकिंग, म्हणजे सांध्यातला पुठ्ठा, बदललं, तर मागच्या बाजूनं. मला काही उमगेना. मित्रांनो, एका अंगाला चार दिवसांत चार दुखणी कशी होतात? बरं, एकेक बरं होतं म्हणावं, तर दुसरं तयारच. आणि आत सारखं पोट फुगल्यासारखं, वारा धरल्यासारखं वाटायचं. सांगणार कुणाला?

बाजारातला सोपान मिस्त्री सलग दुसऱ्या दिवशी आला. खाली वाकला, वर उठला, विडी पेटवली.

"मागचं तेल अडवायचं सील गेलंय," तो म्हणाला.

"काल तर तू म्हनलास चेंबर चिरलाय," अल्लाउद्दीन म्हणाला.

"काल चिरलेला दिसत होता."

"आन् आज?"

"आज न्हाई दिसत. मी काय करू?"

घ्या! हा मिस्त्री. माझ्यापेक्षा गोंधळलेला.

हौशीराम मात्र गोंधळला नाही. त्याला आपलं उत्तर सापडलं होतं. "म्हातारी झाली ती," तो म्हणाला. "आन् अल्लाउद्दीन, तुजं ध्यान न्हाई. सात वर्सं काय झालं न्हाई, आताच बरं गळतंय?" त्यानं कामशेतच्या कोंडाजीला सांगावा धाडला. कोंडाजीची भाताची गिरणी. माझं इंजिन काढून त्याला गिरणीवर बसवायचं होतं. सोमवारी तो बैलगाडी घेऊन येणार होता.

म्हणजे मी, जिनं पारशी साहेबाला खंडाळ्याचा गारवा दाखवला, ती आता एका जागी बसून भात भरडणार! आणि अल्लाउद्दीन? मोटार गेली की डायवर कशाचा? रविवारी भल्या सकाळी तो आला आणि रॉकेलमध्ये फडकं बुडवून माझं इंजिन पुसायला लागला. आठ वर्षांचा चिखल, चिकटा, सगळं खरवडून काढलं. कोरडं केलं. मग दुपारी मदिना भाकरी घेऊन आली, तेव्हा तिच्याकडून त्यानं तांदळाची पिठी मागवून घेतली.

"पिठी? मोटारीला?" मदिना म्हणाली. "आता काय हिचं उकडीचं मोदक करता?"

"थट्टा नको. पिठी भुरभुरली की जितनं तेल येतं तितं ती आदी काळी पडंल. खाली ठिबकतं त्ये खालचंच असतं असं न्हाई."

शहाणा माणूस. फडक्याच्या पुरचुंडीतून त्यानं माझ्या इंजिनाला पिठी लावली, नाकापासून शेपटापर्यंत. मी मोटार, पण नवरीसारखी पांढरी दिसले म्हणे. मग त्यानं मला सुरू केलं आणि दोघं उकिडवी बसून बघत राहिली.

वरच्या झाकणाशी एक काळी रेघ उठली. अल्लाउद्दीन म्हणाला, "हितं!" तेवढ्यात पुढच्या कडेला एक. "न्हाई, हितं." मग बाजूला, मग मागं, मग खाली. पाच ठिकाणी पिठी एकदम भिजली. त्यानं डोक्याला हात लावला. इतकी मेहनत करून बिचाऱ्याला पाच उत्तरं मिळाली.

मदिना तशीच बसून बघत होती. मग म्हणाली, "अवं, भाताच्या भांड्यावर झाकण ठिवून वर वरवंटा ठिवला तर काय हुतं?"

"काय हुतं?"

"कडंकडंनं फेस येतो. भांडं फुटलेलं नसतं. वाफंला जायाला वाट नसती. ही बया वाफ कुटनं सोडती?"

अल्लाउद्दीन ताडकन उठला. इंजिनच्या मागच्या अंगाला, फडकं पोचलं नव्हतं अशा आडबाजूला, तेल घालायच्या तोंडापासून वेगळी, एक वाकडी नळी होती. माझ्या पोटातली हवा तिथून बाहेर जायची. त्यानं हात घातला. नळीच्या तोंडाला सुतळी बांधलेली होती. सुतळी सोडली, तर आत मेण चोपडलेला मऊ कापडाचा बोळा. त्यानं तो उपसला.

काय सांगू, मित्रांनो! महिनाभर कोंडलेला श्वास फुस्सकन बाहेर पडला. मला रडू आलं असतं, पण गळून गळून आधीच पुरे झालं होतं.

तेवढ्यात हौशीराम आला. बोळा बघून म्हणाला, "अरं, त्यो कशाला काडला? मीच बसवलाय. तू श्रावनात उरुसाला गेलतास तवा. बॉनेटच्या फटीतनं पानी गळत हुतं, म्हनलं बिचारीच्या पोटात पाऊस जाईल."

मग मदिनाच बोलली. "भाऊ, पावसात पोराच्या नाकात बोळा घालता का तुमी?"

हौशीरामनं बोळा हातात घेऊन उलटसुलट बघितला.

दाबानं वरच्या झाकणाचं पॅकिंग मात्र फाटलं होतं. अल्लाउद्दीननं जाड पुठ्ठा झाकणावर दाबून ठसा घेतला, त्याबरहुकूम नवं पॅकिंग कापलं, तेलात भिजवून बसवलं. बाकीचे नट सारखे आवळले, नव्यानं पिठी लावली. सोमवारी सकाळी मी हौशीरामला मागं बसवून कार्ल्याला गेले आणि परत आले. शेडपाशी कोंडाजी दोर घेऊन उभाच होता.

हौशीराम उतरला. बॉनेट उघडून बघितलं, पिठी कोरडी. मग खाली वाकला आणि आपल्या पांढऱ्या उपरण्यानं माझ्या चेंबरचा तळ पुसला. उपरणं वर धरून उजेडात बघितलं. धूळ होती. तेल नव्हतं.

"मंग? इंजन कवा काडायचं?" कोंडाजीनं विचारलं.

"न्हाई काडायचं. चूक हिची नव्हती."

"मंग कुनाची? डायवरची?"

"त्याचीबी नव्हं." हौशीरामनं उपरण्याची घडी घातली. परगावच्या माणसासमोर हे बोलायला त्याला जड गेलं. "माजी. अल्लाउद्दीन, तुला लय बोललो मी."

"मला बोललासा त्ये जाऊ द्या, भाऊ," अल्लाउद्दीन म्हणाला. "हिला म्हातारी म्हनलासा. हिची माफी मागा."

हौशीरामनं खरंच माझ्या अंगावर हात ठेवला, आणि चटका बसून ओढून घेतला. इंजिन तापलेलं होतं. मी मुद्दाम केलं नाही, पण बरं वाटलं.

त्यानंतर मी आणखी नऊ वर्षं धावले. एक गोष्ट मात्र मला अजून कळत नाही, मित्रांनो. वैऱ्यानं बोळा कोंबला असता तर मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या असत्या. हा तर मायेनं कोंबलेला, मेण लावून, हात मऊ ठेवून. रागवायचं कुणावर? म्हणून एवढंच मागते. यंत्र असो, जनावर असो, जपायला घेतलंत तर आधी ते श्वास कुठून घेतं ते बघा, मग झाका. आणि गळायला लागलं तर लगेच म्हातारं ठरवू नका. पुसा, थांबा, बघा. आम्हांला दुखतं कुठं ते सांगता येत नाही. आम्ही नुसतं गळतो.